डेटाबेस शिकायचा तर पहिले पुस्तक कोणते घ्यावे?



या सदरात आजवर आपण बियाणे, खते, पाणी आणि कीड यांविषयी बोलत आलो. आज पुस्तकांविषयी बोलावयाचे आहे. निमित्त झाले एका पत्राचे. वाळवा तालुक्यातून एका ताईंनी लिहिले आहे :

"मुलगी बी.कॉम. झाली. गावच्या दूध संस्थेत हिशेबाला जाते. आता डेटाबेसचे प्रोग्रॅमिंग शिकते म्हणते. कुणीतरी तिला सहा पुस्तकांची यादी दिली आहे, सगळी इंग्रजी. उसाचे बिल जमा झाले की घेऊ, असे मी तिला सांगून ठेवले आहे. बियाणे घेताना पिशवी तपासून घ्या असे तुम्ही नेहमी सांगता. मग पुस्तक कसे तपासून घ्यावे तेही सांगा."

ताई, प्रश्न अगदी रास्त आहे. सहा पुस्तके एकदम घेऊ नका. आधी एकच घ्या. ते कोणते आणि का, हे सांगण्यापूर्वी डेटाबेस म्हणजे काय ते घरातल्या सर्वांना कळले पाहिजे. कारण पैसा घरचा जाणार आहे.

सातबारा हाच पहिला धडा

आपल्या गावचे महसुली दप्तर डोळ्यांसमोर आणा. गाव नमुना सात म्हणजे जमीन कोणाची त्याची नोंद. नमुना बारा म्हणजे तिच्यात कोणते पीक आहे त्याची नोंद. आठ-अ म्हणजे एका खातेदाराच्या नावे गावात एकूण किती जमीन आहे, त्याचा खातेवार हिशेब. आणि नमुना सहा म्हणजे फेरफार नोंदवही. चार वह्या, चार कामे. एकाच वहीत सगळे कोंबले असते तर काय झाले असते? चार गटांत जमीन असलेल्या माणसाचे नाव चार ठिकाणी पुनःपुन्हा लिहावे लागले असते, आणि एका ठिकाणी बदलून तीन ठिकाणी तसेच राहिले असते.

म्हणून वह्या वेगळ्या ठेवल्या आणि त्या क्रमांकांनी जोडल्या. गट क्रमांकावरून सातबारा सापडतो. सातबाऱ्यावर खाते क्रमांक असतो, त्यावरून आठ-अ सापडतो. डेटाबेसमध्ये नेमके हेच असते. वहीला तिथे तक्ता म्हणतात, ज्या क्रमांकाने नोंद बिनचूक ओळखता येते त्याला की म्हणतात, आणि दोन तक्ते क्रमांकावरून जुळवण्याला जॉइन म्हणतात. खरेदीखताची नोंद करताना विकणाऱ्याचे नाव कमी झाले आणि घेणाऱ्याचे चढलेच नाही, असे होऊन चालत नाही. दोन्ही व्हावे किंवा एकही होऊ नये. यालाही तिथे नाव आहे, ट्रान्झॅक्शन.

या तक्त्यांना प्रश्न विचारण्याची जी भाषा, तिला एसक्यूएल म्हणतात. काय हवे ते सिलेक्ट या शब्दापुढे, कोणत्या तक्त्यातून ते फ्रॉमपुढे आणि कोणत्या अटीवर ते व्हेअरपुढे लिहावयाचे. व्याकरण एवढे साधे आहे. अवघड असते ते प्रश्न नीट मांडणे आणि तक्ते नीट आखणे.

माझ्या हातून झालेली चूक

हे मला कुणी वर्गात शिकवले नाही. मी शेतकीचा पदवीधर. पन्नाशी उलटल्यावर या वाटेला गेलो, त्याचे कारण सांगतो.

साताऱ्याच्या पूर्वेकडील दुष्काळी पट्ट्यात काम करीत असताना एका वर्षी ठिबकच्या लाभार्थ्यांची यादी माझ्याकडे होती. हजारभर नावे, सगळी एका एक्सेलच्या पानावर. दत्तात्रय, दत्तात्रेय आणि दत्तू ही तीन नावे एकाच माणसाची, पण यादीत ती तीन माणसे झाली होती. मी यादी 'स्वच्छ' करावयास बसलो. दुबार नावे काढली. मयत खातेदारांच्या ओळीही काढल्या. आपण मोठे व्यवस्थित काम केले असे मला वाटले.

त्यानंतर एक बाई कार्यालयात आल्या. पती वारले होते, वारसाची नोंद झाली होती, सातबाऱ्यावर त्यांचे नाव चढले होते. पण माझ्या यादीत जुन्या ओळीत पतीचेच नाव होते आणि ती ओळ मी स्वतः काढून टाकली होती. त्या तीन वेळा आल्या. पहिल्या दोन वेळा मी यादी पाहून सांगितले, "बाई, तुमचे नाव यादीत नाही." तिसऱ्या वेळी त्यांनी सातबारा माझ्यापुढे ठेवला. तोपर्यंत मुदत संपली होती. पुढील वर्षी त्यांचे काम झाले, पण त्या उन्हाळ्यात त्यांच्या डाळिंबाची झाडे पाण्यावाचून गेली ती गेलीच.

यादीत असलेल्या माणसाची चूक दिसते. यादीत नसलेला माणूस दिसतच नाही. ही गोष्ट मनाला लागली म्हणून मी पुस्तक आणावयास गेलो. आणि पहिलेच पुस्तक चुकीचे आणले.

दुकानदाराला "डेटाबेसचे सर्वांत चांगले पुस्तक द्या" म्हणालो. त्याने सिल्बरशाट्झ, कॉर्थ आणि सुदर्शन यांचे 'डेटाबेस सिस्टम कन्सेप्ट्स' दिले. पुस्तक खरोखर उत्तम आहे. त्याचे एक लेखक एस. सुदर्शन हे आपल्या पवईच्या आयआयटीतील प्राध्यापक. पण ते हजारांहून अधिक पानांचे, संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्यांसाठी लिहिलेले पुस्तक आहे. चाळीस पानांनंतर माझी गाडी अडली. दोष पुस्तकाचा नव्हता. ऊस लावण्यापूर्वी कोणी मृदाशास्त्राचा ग्रंथ घेऊन बसत नाही. राहुरीच्या कृषी विद्यापीठाची कृषिदर्शनी घेतो, हंगाम पाहतो, बेणे किती, खत किती ते पाहतो आणि सरी सोडतो. ग्रंथ नंतर वाचावा, म्हणजे तो समजतोही. पुस्तकांचेही तसेच आहे.

वारणेने काय शिकवले

आपल्याच भागातले एक उदाहरण पाहू. १९९८ साली वारणा खोऱ्यातील कोल्हापूर आणि सांगली जिल्ह्यांच्या ७० गावांसाठी 'वायर्ड व्हिलेज' प्रकल्प सुरू झाला. गावोगावी संगणक केंद्रे बसली. ऊस नोंदणी, तोड, वजन आणि बिल यांची माहिती सभासदाला गावातच मिळू लागली. त्या काळी त्याची मोठी चर्चा झाली. पुढे संगणक जुने झाले, दुरुस्तीचा आणि जोडणीचा खर्च राहिला. २००७ च्या सुमारास मायक्रोसॉफ्ट रिसर्च इंडियाच्या संशोधकांनी सात गावांत तेच काम साध्या मोबाईलच्या संदेशांवर करून पाहिले आणि ते जमले.

यातून घ्यावयाचा बोध असा. यंत्र बदलले, पण सभासद क्रमांक, नोंदणी, वजन आणि बिल यांचे नाते तेच राहिले. तक्ते नीट आखलेले असतील तर त्यांच्यापुढचे यंत्र बदलता येते.

पुस्तक निवडतानाही हेच पाहावे. जे पुस्तक केवळ "हे बटण दाबा, मग ते दाबा" असे शिकवते, ते दोन-चार वर्षांत जुने होते. जे तक्ते आखावयास आणि प्रश्न विचारावयास शिकवते, ते टिकते. एडगर कॉड यांनी तक्त्यांची ही पद्धत मांडली ती १९७० साली. आयबीएममधील चेंबरलिन आणि बॉइस यांनी एसक्यूएलचे पहिले रूप आणले ते १९७४ साली. आज इतक्या वर्षांनीही पाया तोच आहे. म्हणून जुनी आवृत्ती दिसली की लगेच नाक मुरडू नये. फक्त ती पायाची आहे की बटणांची, एवढे पाहावे.

पुस्तक हाती घेऊन पाहावयाच्या गोष्टी

१. मधलेच एखादे पान उघडून मोठ्याने वाचावे. एका पानावर दहापेक्षा जास्त शब्द अडत असतील तर ते पुस्तक आज आपले नाही. तांत्रिक शब्द अडले तर चालतील, ते सगळ्यांनाच अडतात. साधे इंग्रजी अडता कामा नये.

२. पहिल्या दोन-तीन प्रकरणांत आपल्या हाताने एखादा तक्ता तयार करावयास लावतात का ते पाहावे. शंभर पाने नुसती व्याख्यांची असतील तर पहिले पुस्तक म्हणून ते नको.

३. प्रत्येक प्रकरणाशेवटी उदाहरणे आणि पुस्तकाच्या शेवटी त्यांची उत्तरे आहेत का? खेड्यात घरी बसून शिकणाऱ्याला विचारावयास जवळ कोणी नसते. उत्तरे नसतील तर चूक कळत नाही.

४. कोणत्या प्रणालीवर शिकवले आहे? मायएसक्यूएल, पोस्टग्रेएसक्यूएल आणि एसक्यूलाइट या फुकट मिळतात. एसक्यूलाइट तर प्रत्येक अँड्रॉइड फोनच्या आत असतेच आणि साध्या जुन्या संगणकावरही चालते. ज्या प्रणालीसाठी पैसे भरावे लागतील तिचे पुस्तक आधी घेऊ नये.

५. जॉइनवर किती पाने आहेत? विशेषतः 'लेफ्ट जॉइन' उदाहरणासह समजावला आहे का? याविषयी पुढे सांगतो. माझ्या मते हीच खरी कसोटी.

६. "सात दिवसांत तज्ज्ञ व्हा" असे वेष्टनावर असेल तर पुस्तक परत ठेवावे. सात दिवसांत ज्वारीसुद्धा जेमतेम उगवून वर येते.

आता नावे सांगतो

तक्ते आखण्यासाठी : मायकेल हर्नांडेझ यांचे 'डेटाबेस डिझाइन फॉर मिअर मॉर्टल्स'. पहिल्यांदा १९९७ साली आले. हे कोणत्याही एका प्रणालीला बांधलेले नाही. कागद-पेन्सिल घेऊन कामाची माहिती कशी गोळा करावी, तक्ते कसे पाडावे, की कोणती ठरवावी हे सांगते. थोडे पाल्हाळिक आहे, पण हिशेबाचे काम करणाऱ्या मुलीला लवकर उमजेल.

प्रश्न विचारावयास शिकण्यासाठी : ॲलन ब्युलिऊ यांचे 'लर्निंग एसक्यूएल'. तिसरी आवृत्ती २०२० ची. मायएसक्यूएलवर शिकवते, प्रकरणे आटोपशीर आहेत, शेवटी उदाहरणे आणि त्यांची उत्तरेही आहेत. त्यातला नमुन्याचा डेटाबेस चित्रपट भाड्याने देणाऱ्या दुकानाचा आहे. आपल्याला ते परके वाटेल. तिथे भाड्याच्या चित्रपटाऐवजी दुधाचे संकलन धरावे. ओरायली प्रकाशनाची पुस्तके श्रॉफ पब्लिशर्सच्या भारतीय आवृत्तीत मिळतात. विदेशी छपाईची घेण्याआधी भारतीय आवृत्तीची चौकशी करावी.

चित्रांतून शिकणे आवडत असेल तर : लिन बेघली यांचे 'हेड फर्स्ट एसक्यूएल', २००७ चे. चित्रे, कोडी, गमती भरपूर. कंटाळा येत नाही. मात्र त्यातले विनोद अमेरिकन आहेत. इंग्रजी कच्चे असेल तर विनोदच आधी अडतो.

महाविद्यालयात सर्रास दिसणारे : आयव्हन बायरॉस यांचे 'एसक्यूएल, पीएल/एसक्यूएल'. आपल्याकडे कित्येक पिढ्यांनी यावर परीक्षा दिल्या. आज्ञांची उदाहरणे भरपूर आहेत, परंतु ते ओरॅकल या प्रणालीशी बांधलेले आहे. जिथे ओरॅकल वापरतात तिथे काम मिळाले, किंवा अभ्यासक्रमात ते असले, तरच घ्यावे.

ग्रंथ : वर सांगितलेले सिल्बरशाट्झ-कॉर्थ-सुदर्शन, एलमासरी आणि नवाथे यांचे 'फंडामेंटल्स ऑफ डेटाबेस सिस्टम्स' आणि सी. जे. डेट यांचे 'ॲन इंट्रोडक्शन टू डेटाबेस सिस्टम्स'. हे दुसऱ्या वर्षी. विकत घेण्यापेक्षा ग्रंथालयात बसून वाचावे. सांगलीचे वालचंद आणि कराडचे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय ही आपल्या भागातली जुनी महाविद्यालये. नात्यातले, गावातले कोणी तिथे शिकत असेल तर वर्ष संपताना जुनी पुस्तके निम्म्या पैशांत मिळून जातात.

मराठीत डेटाबेस प्रोग्रॅमिंग पहिल्यापासून शेवटपर्यंत शिकवणारे, मी बेधडक हाती द्यावे असे पुस्तक माझ्या पाहण्यात नाही. संगणकाची एकंदर ओळख मराठीतून हवी असेल तर अच्युत गोडबोले यांचे 'संगणकयुग' घरात सगळ्यांनी वाचावे. शिवाय पवईच्या आयआयटीच्या 'स्पोकन ट्युटोरियल' प्रकल्पात संगणकाचे कितीतरी धडे मराठीत आवाजासह फुकट आहेत. पुस्तकाच्या जोडीला ते ऐकावेत.

घरचाच सराव

पुस्तक आणून कपाटात ठेवले तर ते गोणीतल्या बियाण्यासारखे, उगवणार नाही. रोज रात्री एक तास आणि आठवड्याला एक प्रकरण, एवढे पुरे. पुस्तकातले प्रत्येक उदाहरण स्वतः टंकावे, नुसते डोळ्यांखालून घालू नये. आणि प्रत्येक प्रकरणानंतर तेच आपल्या व्यवहारावर करून पाहावे.

ताई, तुमच्या मुलीच्या हाताशी दूध संस्था आहे. तिने दोन तक्ते करावेत. पहिला सभासदांचा : सभासद क्रमांक, नाव, वाडी. दुसरा संकलनाचा : दिनांक, सकाळ की संध्याकाळ, सभासद क्रमांक, लिटर, फॅट, एसएनएफ, दर. दुसऱ्या तक्त्यात नाव लिहू नये, फक्त क्रमांक. म्हणजे दत्तात्रय आणि दत्तू यांचा घोळ होणारच नाही. सरावासाठी नावे मनची घालावीत. शेजाऱ्यापाजाऱ्यांचे आधार क्रमांक, बँकेची खाती सरावाच्या संगणकात कदापि घालू नयेत. ती लोकांची ठेव आहे.

मग सोपे प्रश्न विचारावेत. या दहा दिवसांत कोणाचे किती लिटर दूध? कोणाची फॅट गेल्या दहा दिवसांपेक्षा उतरली? हे जमले की शेवटचा प्रश्न : या दहा दिवसांत ज्यांचे दूध आलेच नाही असे सभासद कोण?

हा प्रश्न नुसत्या संकलनाच्या तक्त्याला विचारून सुटत नाही, कारण जे आले नाहीत त्यांची तिथे ओळच नाही. सभासदांचा तक्ता आधी घ्यावा लागतो, तो पूर्ण ठेवावा लागतो, आणि त्याला संकलनाचा तक्ता जोडावा लागतो. ज्यांची जोडी लागत नाही त्यांच्यापुढे जागा रिकामी राहते. त्या रिकाम्या जागा वेचून काढल्या की उत्तर मिळते. हाच लेफ्ट जॉइन. मी वर त्याला कसोटी म्हटले ते यासाठी. त्या रिकाम्या जागांत कोणाची गाय आटलेली असेल, कोणी आजारी असेल, कोणी संस्था सोडलेली असेल, आणि कोणाचा क्रमांक आपणच चुकीचा चढवलेला असेल.

ही एक गोष्ट मला वेळेवर येत असती तर त्या बाईंना तीन खेपा पडल्या नसत्या. खातेदारांचा तक्ता एका बाजूला, माझी यादी दुसऱ्या बाजूला, आणि एक प्रश्न : खातेदार आहे पण यादीत नाही, असे कोण? शिकल्यानंतर मी जुनी यादी काढून हा प्रश्न विचारून पाहिला. क्षणात उत्तर आले. त्या बाईंचे नाव त्यात होते, आणि आणखीही काही नावे होती. ती माणसे कधी कार्यालयात आलीच नव्हती. यादीत आपले नाव नाही म्हटल्यावर घरी बसली होती.

आज आपले सगळे व्यवहार या तक्त्यांवर येऊन बसले आहेत. डिजिटल सहीचा सातबारा २०१८ पासून मिळू लागला, पिकाची नोंद ई-पीक पाहणीने २०२१ पासून शेतकरी स्वतः फोनवर करू लागला. अनुदान, विमा, ऊस बिल, दूध बिल, सगळे कुठल्या तरी तक्त्यातल्या एका ओळीवर अवलंबून आहे. ती ओळ आखणारा माणूस शेतकऱ्याच्या घरातला असेल तर वारसनोंद म्हणजे काय, सामाईक खाते म्हणजे काय, हे त्याला निराळे शिकवावे लागत नाही.

तेव्हा ताई, सल्ला असा. बिल जमा झाले की 'लर्निंग एसक्यूएल' हे एकच पुस्तक भारतीय आवृत्तीत घ्या. 'मिअर मॉर्टल्स' कुठून वाचावयास मिळाले तर तेवढे मागून आणा. यादीतली बाकीची सध्या राहू द्या. आणि मुलीला एवढेच सांगा की तीन महिन्यांनी, दूध न आलेल्या सभासदांची यादी तिने तुम्हाला काढून दाखवावी. ती बरोबर निघाली तर दुसऱ्या पुस्तकाचे पैसे पुढच्या बिलातून खुशाल द्या. नोकरी लागेलच असे कोणतेही पुस्तक सांगू शकत नाही, मीही सांगणार नाही. पण ज्या दिवशी ती यादी निघेल, त्या दिवशी संस्थेत तिच्या कामाची किंमत वाढलेली असेल, हे नक्की.

पुढील अंकी आडसाली उसाच्या बेणेप्रक्रियेविषयी बोलू.